पचमढीहून परत येताना

आमच्या घरात शेंगदाण्याची चटणी कधी संपत नसे. पाहुणे ती वाखाणत. नागपूरहून मामा आला की जाताना डबा भरून न्यायचा आणि आईला म्हणायचा, "ताई, तुझ्या हाताला चव आहे." आई चटणी मिक्सरवर करायची, पण मिक्सर केव्हा लावायचा हे बरणीवर ठरत नसे. बाबा कारखान्यातून येत, स्कूटर अंगणात लावत, हातपाय धूत आणि दादाला आतल्या खोलीत बोलावत. तसं बोलावलं की आई शेंगदाण्याचा डबा काढायची. "काहून उभी राहिली? सालं काढ," ती मला म्हणायची. मी भाजलेले शेंगदाणे तळहातांवर चोळून सालं फुंकायची. खोलीचं दार लागायचं आणि मिक्सर सुरू व्हायचा. भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या घराची एक भिंत शुक्लाजींच्या घराशी सामाईक होती. शुक्लाजी बाबांच्याच खात्यात होते, दोघं सकाळी एकाच पाळीला जायचे. त्या भिंतीपलीकडे काय जातं आणि काय जात नाही, यावर आमच्या घराचा कारभार चालायचा.

मिक्सरची मोटर तापली की जळका वास यायचा. मग आई तो थांबवायची, भांडं उघडून चमच्याने उगीच ढवळायची. तेवढ्या वेळात आतून पट्ट्याचा आवाज यायचा. दादाचा आवाज येत नसे. आवाज काढला तर आणखी मिळेल, असा बाबांचा नियम होता आणि बाबा दिलेला शब्द पाळत. भोपाळमध्ये तेव्हा वीज वरचेवर जायची. चटणी अर्धवट वाटली गेलेली असताना मिक्सर बंद पडायचा, पंखा मंदावत थांबायचा, शुक्लाजींचा टीव्ही गप्प व्हायचा आणि दोन्ही घरांत शांतता पसरायची. अशा वेळी गप्प राहण्याची सगळी जबाबदारी दादावर यायची. सुरुवातीला तो सदऱ्याची बाही दातांत धरायचा. पुढे त्याला बाहीची गरज राहिली नाही. जेवायला बसला की तो सरळ बसायचा, पाठ भिंतीला टेकवायचा नाही. आई वरणभातावर तूप वाढायची आणि त्याच्या पानात जरा जास्त घालायची. त्या घरात माफी मागण्याची तेवढीच पद्धत होती.

बाबांना बाहेर कुणी वाईट म्हणत नसे. कारखान्यात ते लोखंडी जोड तपासायचे. जोडात केसाएवढी भेग असली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही, असं लोक सांगत. कॉलनीतल्या गणपतीत ते झांजा वाजवत, कुणाचा गॅस सिलिंडर वर चढवायचा असला तर स्वतःहून पुढे होत. दादाला मारायला निमित्त लागे, पण ते मोठं असण्याची गरज नसे. चप्पल उलटी पडलेली, गणितात गुण कमी, बोलताना नजर खाली नाही, बोलताना नजर खाली. मला ते मारत नसत. मुलीवर हात उचलू नकोस, असं माझ्या आजीने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. ती सवलत माझ्या वाट्याला आली. दादा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. त्याचं नाव सुधीर.

शाळेतही मार होता. कान पिळणं, बोटांत पेन्सिल घालून दाबणं, उन्हात कोंबडा करणं हे रोजचं होतं. अपवाद एकच, भूगोलाचे ठोंबरे सर. ते मूळचे वर्ध्याचे. अशोका गार्डन वस्तीत रेल्वे लाइनीजवळ एकटे राहायचे आणि सायकलवर यायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असायची. वर्गात ते हिंदीत शिकवत. व्हरांड्यात आम्ही दोघं भेटलो की मराठीत विचारत, "काय रे, जेवून आलात का?" त्यांच्याकडे छडी नव्हती. त्यामुळे त्यांच्या तासाला गोंधळ असे. मुलं त्यांना 'बापू' म्हणत. "बापू के पीरियड में सो जा यार, वो तो चादर भी ओढ़ा देंगे," असं दहावीतला एक मुलगा म्हणायचा आणि खरोखर झोपायचा. सर त्याच्या बाकापाशी आले की आवाज थोडा खाली आणत.

नववी-दहावीची शैक्षणिक सहल पचमढीला न्यायची, ही कल्पना ठोंबरे सरांचीच. पुस्तकातला वालुकाश्म मुलांनी हाताने चाचपून पाहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मुख्याध्यापकांना ते पटवायला त्यांना एक अख्खं वर्ष लागलं. पालकांना सांगायला ते घरोघर गेले. आमच्याकडे आले तेव्हा बाबांनी त्यांना आरामखुर्ची दिली आणि आईने पोहे केले. "तुमच्या भरवशावर पाठवतो, सर," बाबा म्हणाले. "पोरगं मस्तीत आलं तर दोन ठेवून द्या. माझी हरकत नाही." सर हसले. "माझ्याने ते होत नाही हो," ते म्हणाले. बाबाही हसले. मास्तर भला आहे पण मास्तर म्हणून कच्चा आहे, असं नंतर त्यांनी आईला सांगितलं.

सहलीत काय शिकलो हे आज विचारलं तर वालुकाश्म मला आठवतो. लालसर, हाताला खरखरीत, नखाने ओरखडला तर कण सुटतात. सरांनी एका गुहेच्या तोंडाशी आम्हाला उभं करून तो कसा थरांवर थर साचून होतो ते सांगितलं. तेवढ्यात वरच्या कड्यावरून माकडं उतरली आणि मुलांनी त्यांना दगड मारायला सुरुवात केली. सर मध्ये जाऊन उभे राहिले, हात पसरून. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. त्यांनी मागे वळून कुणी मारला ते पाहिलंही नाही. धर्मशाळेत मुलांच्या खोलीत पाण्याच्या बादलीवरून मारामारी झाली आणि एकाचा ओठ बादलीच्या कडीने फाटला. ओले टॉवेल पिळून त्यांचे चाबूक करायचे आणि नववीतल्या मुलांच्या पोटऱ्यांवर ओढायचे, हा दहावीच्या मुलांचा संध्याकाळचा खेळ होता. मुलींच्या खोलीत सक्सेना मॅडम होत्या. त्या भजनं म्हणायला लावत. जेवताना डबे उघडले की सगळे आमच्या डब्यावर पडत. आईने तिखट पुऱ्या आणि चटणी दिली होती. "सुधीर, तेरी मम्मी की चटनी का जवाब नहीं यार, रोज़ बनती है क्या?" एकाने विचारलं. "क़रीब-क़रीब," दादा म्हणाला. तो स्वतः पुरी दह्याशी खात होता.

पुढे मी वर्तमानपत्रात आले आणि बरीच वर्षं डेस्कवर काढली. सहलींच्या बातम्या आमच्याकडे दोनच प्रकारांनी येत. मुलं बुडाली किंवा बस दरीत गेली. बाकी सहल ही बातमी नसते. अलीकडे दादाच्या धाकट्या मुलीची सहल निघाली. दादा कामासाठी बाहेरगावी होता म्हणून मिसरोदच्या तिच्या शाळेत पालकांच्या बैठकीला मी गेले. प्रवास कंपनीचा एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. सहलीतून काय अपेक्षा ठेवाव्यात, असा त्याचा विषय होता. बसमध्ये कॅमेरा, सोबत परिचारिका, मुलं कुठे आहेत ते फोनवर दिसणार. एका आईने जैन जेवण मिळेल का ते विचारलं. एका वडिलांनी खिडकीची जागा पाळीपाळीने मिळावी असं सुचवलं. तरुणाने सगळ्यांना नीट उत्तरं दिली. रस्त्यात बस अडवली गेली तर खाली आधी कोण उतरणार, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या सहलीत परतीच्या वाटेवर पिपरियाच्या बाजारात मुलांनी पेरू घेतले. कच्चे, हिरवे, दगडासारखे. बस निघाली आणि मागच्या बाकांवर खेळ सुरू झाला. खिडकीतून पेरू मारून मैलाचा दगड टिपायचा. दादाचा नेम शाळेत प्रसिद्ध होता. त्याने लागोपाठ दोन दगड टिपले तेव्हा मुलींनीही टाळ्या वाजवल्या. तो हसला. मी त्याला असं हसताना फार पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते लक्षात आहे. तिसरा दगड वळणावर होता. दादाने हात मागे घेतला, पेरू सुटला, आणि त्याच वेळी वळणाआडून समोरून एक मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगलेले. पेरू त्या माणसाच्या तोंडावर लागला. मागच्या काचेतून आम्हाला मोटारसायकल रस्ता सोडून खाली जाताना दिसली. कॅन उघडून डांबरावर दूध पसरलं. माणूस उठला नाही.

"रोकिए, गाड़ी रोकिए," ठोंबरे सर ओरडले. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला. "साहब, बच्चियाँ बैठी हैं गाड़ी में. यहाँ रुके तो कोई घर नहीं पहुँचेगा." सर उठून त्याच्या सीटपाशी गेले, त्याच्या खांद्याला धरून पुन्हा म्हणाले, "आदमी गिरा है भाई, रोको." ड्रायव्हर थांबला नाही. तो थांबला थोडं पुढे गेल्यावर, कारण समोर रेल्वेचं फाटक बंद होतं. आमची बस सगळ्यात पुढे होती. मागे ट्रक येऊन लागले. आता पुढे जाता येत नव्हतं आणि मागेही.

ते ट्रॅक्टरवर आले. रस्त्याच्या कडेच्या मातीतून, ट्रकांच्या रांगेच्या बाजूने. इंजिनाच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती, मागे मोटारसायकली. आधी दगड आले. मागची काच पूर्ण गेली. माझ्या शेजारी मंजू नावाची मुलगी बसली होती, तिच्या मांडीवर काच सांडली आणि ती हाताने झाडायला लागली, तर तळवे रक्ताने भरले. मग त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि त्याला कॉलरने खेचून खाली घेतलं. चपलांनी सुरुवात झाली. मग लाठ्या. एकाने त्याचे केस धरून डोकं बसच्या बॉनेटवर आपटलं. तो हात जोडत होता आणि हात जोडले की बोटांवर मार बसत होता. त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. बसमध्ये नववीतली मुलं रडत होती. सक्सेना मॅडम मुलींना बाकांखाली बसवत होत्या.

पुढारी एक धिप्पाड माणूस होता. बंडीच्या पुढच्या भागावर रक्त होतं, ते त्याचं नव्हतं. पडलेला दूधवाला त्याचा धाकटा भाऊ होता, हे त्याच्या ओरडण्यातून कळलं. त्याने लाठीने बसचा पत्रा वाजवला. "लड़का दे दो, बस ले जाओ. नहीं तो आग लगा देंगे." मागच्या बाकांवरची मुलं एकेक करून दादाकडे पाहायला लागली. कुणी बोट दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती. दादा उठला आणि पुढे चालायला लागला.

ठोंबरे सरांनी त्याला मधल्या वाटेत अडवलं. त्यांनी तळहात त्याच्या छातीवर ठेवला आणि मराठीत बोलले. मी जवळच बाकाखाली होते, म्हणून मला शब्द ऐकू आले. "खाली किती जण आहेत पाहिलंस? त्यांनी एकदा सुरू केलं की ते थांबणार नाहीत. म्हणून मी मारीन. ऐकतो आहेस ना? मी मारीन आणि तू रडायचं. मोठ्याने. जेवढं रडशील तेवढं लवकर संपेल." दादा म्हणाला, "हो सर." सरांनी चष्मा काढून सक्सेना मॅडमकडे दिला. "आप क्या करने जा रहे हैं?" मॅडमनी विचारलं. "दरवाज़ा अंदर से बंद रखिए," सर म्हणाले आणि दादाचा दंड धरून उतरले.

मी बाकाखालून उठून खिडकीपाशी आले. खाली त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खोटं बोलले. "लड़का मेरा है," त्यांनी पुढाऱ्याला सांगितलं. "बाप हूँ इसका. आपका गुनहगार है, मानता हूँ. सज़ा मैं दूँगा, आपके सामने दूँगा." गर्दी थोडी थबकली. बाप हा शब्द त्या लोकांना समजत होता. बापाने पोराला मारायचं, हा बापाचा हक्क होता आणि त्यात कुणी मध्ये पडायचं नसतं. "बाप है तो मारने दो," मागून कुणी म्हणालं. त्यांनी ड्रायव्हरला सोडून दिलं आणि गोल केला.

सरांनी दादाच्या तोंडात मारली. त्यांना मारता येत नव्हतं. हात वर जाताना जोरात जायचा आणि गालाशी येईपर्यंत हळू व्हायचा. दुसरी मारली, तिसरी मारली. लोक हसले. "बाबूजी, मार रहे हो कि मक्खी उड़ा रहे हो?" एकाने आपली लाठी पुढे केली. सरांनी ती घेतली. पाठीवर घातली, मांड्यांवर घातली. आता आवाज येत होता, लाठीचा. दादा खाली पाहत उभा होता, हात बाजूला सरळ, ओठ मिटलेले. तो घरात आतल्या खोलीत कसा उभा राहत असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "रड ना रे," सर मराठीत म्हणाले. पुन्हा मारलं. "रड, सुधीर. ओरड." दादाने मान हलवली, हो म्हणून, आणि रडला नाही. त्याला रडायचं होतं. त्याने कबूल केलं होतं. पण जो आवाज त्याने इतकी वर्षं आत दाबून ठेवला होता, तो हुकमावर येईना.

गर्दीला तो माज वाटला. "अकड़ देखो हरामी की. एक आँसू नहीं." एकाने पुढे होऊन दादाच्या कमरेत लाथ घातली. तो गुडघ्यांवर आला. दुसरा पुढे सरकला. सरांनी त्याला कोपराने ढकललं आणि जोरात लाठी घातली, कारण आता त्यांना इतरांपेक्षा जोरात मारणं भाग होतं. दादाने हात वर केला आणि ती मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. दादाचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सर रडत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते लाठी उचलत होते.

यापुढचं मला आठवत नाही. मंजूने आणि सक्सेना मॅडमनी मला ते वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न विचारता, सारखंच सांगितलं, म्हणून इथे लिहिते. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून मराठीत ओरडले, "दादा, ओरड! इथं शुक्ला काका नाहीत!" मॅडमना मराठी येत नव्हती, पण शुक्ला हा शब्द त्यांना कळला होता. असल्या वेळी ही शेजाऱ्याचं नाव का घेते, याचं त्यांना पुढे किती तरी दिवस नवल वाटत होतं.

त्यानंतरचा आवाज मात्र मला आठवतो. तो दादाचा होता आणि मी तो आधी कधी ऐकला नव्हता. तो मार बसल्यावर आला नाही, दोन फटक्यांच्या मध्ये आला, आणि आल्यावर थांबेना. त्यात शब्द नव्हते. पुढे सरकलेली माणसं जागीच थांबली. एकाने लाठी खाली टेकवली. फाटकवाल्याच्या खोलीपाशी गवताचे भारे उतरवून बसलेल्या बायकांमधली एक म्हातारी उठली, गोल फोडून आत आली आणि सरांच्या हातातून लाठी ओढून घेतली. "मार डालेगा क्या बच्चे को? कैसा बाप है रे तू!" तिने सरांना धक्का दिला. सर मातीत बसले. पुढाऱ्याने दादाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. तेवढ्यात गाडी आली. डबे जात असताना कुणी काही बोललं तरी ऐकू आलं नसतं. शेवटचा डबा गेल्यावर तो म्हणाला, "ले जाओ. इसके पहले कि मेरा मन बदले, ले जाओ."

दूधवाला वाचला. सरांनी नंतर स्वतः सोहागपूरला जाऊन त्याची भेट घेतली. डोक्याला टाके होते आणि एक दात गेला होता. आमच्या ड्रायव्हरने एक डोळा मिटलेल्या अवस्थेत बस होशंगाबादपर्यंत आणली. तिथे सरकारी दवाखान्यात दादाच्या डाव्या हाताला प्लास्टर घातलं. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं. सर म्हणाले, "मैंने मारा है." डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि पडून लागल्याचं लिहिलं.

घरी आलो तेव्हा बाबांनी प्लास्टर पाहिलं आणि पडला का, एवढंच विचारलं. दादा गप्प राहिला, म्हणून मीही राहिले. पण शुक्लाजींचा मुलगा त्याच बसमध्ये होता. सकाळी शुक्लाजी कुंपणापाशी आले आणि बाबांना म्हणाले, "सुना है, मास्टर ने भरी सड़क पर कह दिया कि बाप मैं हूँ. और फिर ऐसा पीटा कि पूछो मत." बाबांनी त्यांना हसून काहीतरी उत्तर दिलं. आत आले तेव्हा त्यांची मान लाल झाली होती. आई शेगडीपाशी होती. तिने एकदा दादाकडे पाहिलं आणि आचेवर भाजी असताना गॅस बंद केला.

दुपारी ठोंबरे सर आले. सायकल कुंपणाला टेकवून, चष्मा पुसत. त्यांचा उजवा तळहात सोलला होता, लाठी धरायची सवय नसलेल्या माणसाचा सोलतो तसा. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी वाटेत जुळवून आणलेलं असावं. उंबऱ्यातच त्यांनी सुरुवात केली, "मी तुमची क्षमा मागायला आलो आहे. प्रसंग असा होता की..." बाबांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

"माझ्या पोराचा बाप कोण आहे, मास्तर?"

"तुम्हीच आहात. मी तसं म्हणालो कारण..."

"चारचौघांत मारलंत. सगळ्या कॉलनीला ऐकायला गेलं. काही लाज?"

बाबांनी त्यांच्या तोंडात मारली. चष्मा खाली पडला आणि दोऱ्याने बांधलेली काडी सुटली. सरांनी हात वर केला नाही. बाबांनी दुसऱ्यांदा हात उचलला. दादा तोवर दाराआड उभा होता. तो मध्ये आला आणि त्याने चांगल्या हाताने बाबांचं मनगट हवेतच धरलं. तो तेव्हा बाबांच्या कानापर्यंत आला होता. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बहुतेक त्याच्याही नाही.

"सोड," बाबा म्हणाले.

"त्यांच्याकडे कारण होतं," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण भिंतीपलीकडे जाईल एवढा होता. "तुमचं सांगा."

"सोड म्हणतो, सुध्या. हात तोडून टाकीन."

"एक मोडलेला आहे. तुमचं कारण सांगा, बाबा. मग सोडतो."

"सुधीर," सर खालून म्हणाले. ते चष्मा शोधत होते. "सोड बेटा. मोठे आहेत."

दादाने सोडलं नाही. बाबांनी मनगट पिळून पाहिलं, दोनदा. मग त्यांनी जोर काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, काहीच दिसलं नाही. कारखान्यात जोडाला भिंग लावून पाहताना माणूस थांबतो तसे ते थांबले होते. सांगायला काही सापडतं का ते बहुधा शोधत होते. शुक्लाजींच्या खिडकीचा पडदा हलला. बाबांनी तो पाहिला आणि तरी दार लावायला कुणाला सांगितलं नाही. ते मागे सरकले आणि जी आरामखुर्ची त्यांनी कधी सरांना दिली होती, तिच्यावर बसले. मग दादाने हात सोडला.

आईने सरांचा चष्मा पायरीखालून काढून पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. सर तो एका काडीवर तोल सांभाळत घालत होते. दादा त्यांच्याकडे वळला.

"चहा घ्याल ना, सर?"

सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली नाही.

"अर्धा कप," सर म्हणाले आणि आत आले.